चुलीचा अभ्यासक्रम

ठाणे-बेलापूर रस्त्याने ठाण्याकडून निघाले की रबाळे ओलांडल्यावर, घणसोलीच्या अलीकडे तळवली लागते. एका बाजूला एमआयडीसीचा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या बाजूला सिडकोने वसवलेली घणसोली आणि तिच्यापलीकडे खाडी, अशा बेचक्यात हे जुने आगरी गावठाण दाटीवाटीने उभे आहे. १९६० च्या दशकात एमआयडीसी आली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या आणि १ जानेवारी १९९२ पासून इथे महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. एवढ्या उलथापालथीत गावाचे बहुतेक सगळे बदलले. पण मुलांना स्वयंपाक शिकवण्याची गोष्ट काढली, की तळवलीत काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, उत्तर ठरलेले असते: मुलीला शिकवा, मुलग्याला कशाला, आपल्यात तशी रीत नाही. माझा वाद या रीतीच्या वयाशी आहे. रोजची चूल बाईकडे होती हे खरेच आणि ते फार जुने आहे. पण 'स्वयंपाक हा मुलींना शिकवायचा विषय आहे आणि मुलग्यांना न शिकवायचा आहे' हा नियम म्हणून आपण जो सांगतो, तो शाळेने घडवलेला आहे. त्याचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या वर जात नाही. जे अभ्यासक्रमाने आणले ते अभ्यासक्रमाने परत घेता येते, आणि तसे करताना परंपरा मोडल्याचे पाप कुणाच्या माथी येत नाही.

आधी गावाचे पाहू. खाडीकाठच्या आगरी गावांची उपजीविका भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी या तिन्हींवर चालत असे. नांगर पुरुषाचा, लावणी बाईची. मिठागरात वाफे धरायचे, मीठ ओढायचे आणि टोपल्यांनी वाहायचे काम दोघांचे. मासळी आणि भाजी बाजारात नेऊन विकणारी बाई, आणि आलेला पैसा मोजणारीही बऱ्याचदा तीच. चूल तिच्याकडे होती, पण तिच्या दिवसभराच्या पाच-सात कामांतले ते एक काम होते. ज्या पोराने आईला चिखलात, मिठागरात आणि बाजारात पाहिले, त्याला 'आई म्हणजे स्वयंपाकघर' असे सांगण्याची सोय नव्हती. या समाजाने बाईला केवळ कष्टच दिले असेही नाही. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण विधी चालवते; इतरत्र जी जागा भटजीची, ती इथे एका बाईची आहे. लग्नाचे पौरोहित्य बाईने करावे ही गोष्ट ज्या गावांना चमत्कारिक वाटली नाही, त्यांना मुलग्याने भाकरी थापणे चमत्कारिक वाटावे, हे जरा नवलाचेच. अर्थात या जुन्या गावाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. लावणीवरून कंबर मोडून आलेल्या बाईलाच पुन्हा चुलीपुढे बसावे लागे आणि पुरुष ओटीवर टेकत असे. एवढेच, की तिथे विभागणी होती ती कामांची. तिच्यावर अजून कुणी पाठ्यपुस्तक लिहिलेले नव्हते.

आता दुसरी बाजू. पुरुषाला स्वयंपाक जमत नाही किंवा शोभत नाही असे म्हणणाऱ्याने महाराष्ट्राचा इतिहास सोडाच, महाभारतही वाचलेले नसते. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होतो आणि नल ज्या विद्येवरून ओळखला जातो त्यात पाककला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांस, मासे, डाळी, दुधाचे पदार्थ यांची कृतीसकट वर्णने आहेत. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी 'भोजनकुतूहल' लिहिले. छापखाना आल्यावर मराठीतले पाककृतींचे आरंभीचे पुस्तक 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले, तेही रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. सरदारांच्या वाड्यावर आचारी पुरुष, देवळाच्या नैवेद्याला पुरुष, लग्नामुंजीच्या पंगतींना पुरुष, गावजेवणाच्या चुलाणावर डाव फिरवणारेही पुरुषच. सातपाटी, वसई, करंजा इथल्या होड्या दिवसेंदिवस समुद्रावर राहतात. होडीवर बाई नसते, म्हणून कालवण खलाशीच रांधतो आणि त्याला कुणी बायल्या म्हणत नाही. आज तळवली-घणसोलीसारख्या गावठाणांत भाड्याच्या खोल्यांमध्ये चार-पाच परप्रांतीय कामगार एकत्र राहतात तेव्हा तेही स्वतःच शिजवून खातात. त्यांचे आईवडील गावाकडे त्यांना 'चुलीत शिरू नको' असेच सांगत असणार.

या सगळ्या उदाहरणांना एक तगडा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भीम, आचारी, खलाशी हे सगळे मोबदल्यासाठी, मानासाठी किंवा नाइलाजाने रांधणारे. घरातली रोजची पोळीभाजी यातल्या एकानेही केलेली नाही. मग या इतिहासातून सिद्ध काय होते? माझ्या मते नेमके हेच सिद्ध होते. स्वयंपाकाची विभागणी कौशल्यावर किंवा स्वभावावर झालेली नव्हती. जिथे मजुरी होती, दक्षिणा होती, लोकांपुढे वाहवा होती, तिथे पळी पुरुषाच्या हातात गेली. जिथे यातले काहीच नव्हते आणि काम रोजचे होते, तिथे ती बाईच्या हातात राहिली. त्यात जातीचा आणि सोवळ्याओवळ्याचा पेच होताच. कुणाच्या हातचे चालते यावर कुणाला आचारी म्हणून ठेवायचे हे ठरे. गिरणगावात मात्र उलटे घडले. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकांनी चालवल्या. हजारो पुरुषांचे पोट त्यांच्यावर चाले, पण त्यांचे काम 'घरातलेच थोडे वाढवून केलेले' समजले गेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या बायकांना बँकेचे कर्ज मिळण्याइतकी ओळख आली. मुंबईतले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. देशातली पहिली हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला अन्न परिषदेकडून. बायकांनी काढलेल्या संस्थेतून धंदा उभा राहिला आणि उंच पांढरी टोपी घातलेला शेफ म्हणून आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पुरुष. म्हणजे 'पुरुषांना येत नाही' हे खोटे, 'बायकांना जन्मजात येते' हेही खोटे. खरा प्रश्न बिनपगारी आणि रोजच्या कामाचा आहे. मुलग्यांना स्वयंपाक शिकवायचा तो यासाठी, नाहीतर त्यांच्यातून आणखी चार आचारी निघतील आणि घरातली चूल होती तिथेच राहील.

मग ही घरातली विभागणी शाळेत कशी शिरली? पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आज हुजूरपागा म्हणून ओळखले जाते. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर ही मंडळी त्यामागे होती आणि इंग्रजी, गणित यांसह मुलग्यांच्या बरोबरीचे शिक्षण द्यावे असा त्यांचा आग्रह होता. टिळकांच्या 'मराठा'ने यावर जो हल्ला चढवला त्यात शाळेच्या वेळेचाही मुद्दा होता. अकरा ते पाच मुली शाळेत बसल्या तर घरकाम कधी शिकणार आणि कधी करणार, म्हणून वेळ कमी करून तीन तासांवर आणावी आणि अभ्यास संसाराला उपयोगी पडेल असा असावा, असे त्यांचे म्हणणे. आगरकरांनी 'सुधारका'तून याच्या उलट टोक धरले: स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. आगरकर १८९५ मध्ये गेले. त्यांची बाजू वादात जिंकली की हरली यावर पंडितांनी भांडावे. शाळांच्या वेळापत्रकात मात्र ती हरली. मुलींना शिकवायला समाज तयार झाला तो एका अटीवर, की शिकलेली मुलगी चुलीपासून तुटणार नाही. ही अट आधी घरात होती, आता ती छापील झाली. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे पुस्तक आले, त्याचे नाव 'गृहिणी-मित्र'. १८७५ चे पुस्तक एका शास्त्राचे होते. पस्तीस वर्षांत ते गृहिणीचे झाले.

महर्षी कर्व्यांवर इथे ठपका ठेवायचा मोह होतो, पण तो अर्धवट ठरेल. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि मातृभाषेतून शिक्षण, घर सांभाळण्याचे शास्त्र, आरोग्य यांना अभ्यासात मानाचे स्थान दिले. त्यांच्या दृष्टीने हे बाईच्या कामाला प्रतिष्ठा देणे होते. विधवा मुलींना हिंगण्यात आणून शिकवणाऱ्या माणसाला बाईला चुलीशी बांधायचे होते असे म्हणणे शुद्ध अन्याय आहे. जगभर या विषयाचा जन्मच असा दुधारी आहे. अमेरिकेत एलेन रिचर्ड्स ही रसायनशास्त्रज्ञ बाई, पुरुषांच्या प्रयोगशाळांत स्त्रियांना शिरकाव मिळेना म्हणून अन्न, पाणी, स्वच्छता यांच्या रसायनातून विज्ञानाचे मागचे दार उघडून देत होती; १८९९ पासून लेक प्लॅसिड इथल्या परिषदांतून 'होम इकॉनॉमिक्स' उभे राहिले ते तिच्या पुढाकाराने. दार उघडले खरे, पण मुली आत गेल्यावर बाहेरून कडी लागली. विज्ञान पुरुषांचे, गृहविज्ञान बायकांचे अशी वाटणी झाली आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मुलींसाठी गृहविज्ञानाची खास सोय करण्याची शिफारस केली, तेव्हा कुणालाच त्यात वावगे वाटले नाही.

मधल्या काळात एक वेगळा प्रयोग महाराष्ट्राच्याच मातीत झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा केला आणि सेवाग्रामला हाताच्या कामातून शिकवणारी शाळा सुरू झाली. सूतकताई, शेती, सफाई आणि स्वयंपाक ही कामे सगळ्या मुलांची होती. डाळ किती लागेल याचा हिशेब म्हणजे गणित, ती शिजायला वेळ का लागतो हे विज्ञान, कुणी किती खाल्ले आणि का टाकले हे नागरिकशास्त्र. पण या आराखड्यालाही घरचे वळण पूर्ण सोडवले नाही. वरच्या इयत्तांतल्या मुलींना मूळ उद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा ठेवलेली होती. मुलग्यांना ती नव्हती. गांधींच्या आश्रमांत पुरुष पाळीने रांधत आणि संडास साफ करत, आणि तरीही कागदावर आल्यावर चूल पुन्हा मुलीच्या वाट्याला गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ती कागदावरून हटवण्याचे काम ज्या बाईने केले तिचे नाव महाराष्ट्रातल्या शाळांत फारसे घेतले जात नाही. हंसा मेहता १९४६ मध्ये कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या आणि तिथली गृहविज्ञान विद्याशाखा त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असे वाचता येण्याजोगी शब्दरचना होती ती बदलून 'सर्व मानव' करायला लावणाऱ्या त्याच. म्हणजे गृहविज्ञान या विषयाशी त्यांचे वैर नव्हते. मुलामुलींच्या अभ्यासक्रमातल्या फरकाचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय स्त्री-शिक्षण परिषदेने नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि १९६४ च्या अहवालात या समितीने स्वच्छ सांगितले की लिंगावरून अभ्यासक्रम वेगळे करण्याला शास्त्रीय आधार नाही आणि घरकामाचे प्राथमिक शिक्षण मुलामुलींना एकत्रच द्यावे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही भूमिका उचलून धरली आणि गृहविज्ञान मुलींना सक्तीचे असू नये असे म्हटले. इथे गोम आहे. या शिफारशीचे दोन भाग होते: मुलींवरची सक्ती काढा, आणि मुलग्यांना त्यात आणा. पहिला भाग हळूहळू अमलात आला, कारण त्यासाठी फक्त एक विषय ऐच्छिक करायचा होता. दुसऱ्या भागासाठी मुलग्यांच्या हातात सुरी आणि विळी द्यावी लागणार होती. त्याला कुणी हात लावला नाही. समता आली ती वगळून, वाटून नव्हे. शाळेने स्वयंपाकाबद्दल तोंड मिटले आणि तो शिकवण्याचे काम पूर्णपणे घराकडे गेले, जिथे तो फक्त मुलीला शिकवला जातो.

स्त्रीवादी बाजूने नेहमी येणारा आक्षेप याच ठिकाणी तपासायला हवा. मुलींना मोठ्या कष्टाने चुलीपासून सोडवले, आता शाळेत पुन्हा स्वयंपाक आणून त्यांना तिथेच का बसवता? आक्षेपामागची भीती खरी आहे. इतिहास पाहता ती रास्तही आहे. पण शाळेच्या मौनाचा हिशेब मांडून पाहावा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे प्रमाण ८१.२ टक्के निघाले आणि पुरुषांचे २६.१ टक्के, जे करतात त्यांच्यातही बाईचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. हे आकडे ज्या पिढ्यांचे आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी गृहविज्ञानाची सक्ती उठल्यानंतरच शाळा पाहिली आहे. शाळेने शिकवणे थांबवल्याने मुलगी सुटली नाही. फक्त मुलगा शिकण्याची एकमेव सार्वजनिक जागा बंद झाली.

जागा अगदी बंद झाली म्हणणेही तितकेसे खरे नाही, आणि इथे आपल्या शाळांचा दुटप्पीपणा मोठा गमतीदार आहे. कार्यानुभव या विषयात अन्न, वस्त्र, निवारा ही क्षेत्रे कागदावर सगळ्यांसाठी आहेत. बहुतेक शाळांत त्या तासाला कागदी फुले तरी होतात किंवा गणिताचा राहिलेला धडा तरी. स्काउटच्या शिबिरात मुलगे बिनभांड्यांचा स्वयंपाक करतात, निखाऱ्यात बटाटे भाजतात, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून शेकतात आणि बॅज मिळवतात. रानात केले की धाडस, घरात केले की बायल्यागिरी. याहून मासलेवाईक प्रकार म्हणजे बाल आनंद मेळावा. वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात मुले भेळ, वडे, कांदेपोहे, इडल्या यांचे स्टॉल लावतात. व्यवहारज्ञान यावे, नफातोटा कळावा हा हेतू. वडे तळलेले असतात आईने, पहाटे उठून. मुलगा गल्ल्यावर बसतो, सुटे पैसे देतो, फायदा मोजतो आणि बक्षीस घेतो. सहा-सात तासांचा हा धडा किती पक्का बसत असेल! माल बाईचा, हिशेब पुरुषाचा, आणि मालाच्या किमतीत तिच्या मजुरीचा रुपयाही धरलेला नसतो. शालेय पोषण आहाराचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न शाळेत देणे बंधनकारक केले. कोट्यवधी मुलांच्या पोटात त्यामुळे घास गेला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण गावोगावच्या शाळांत मूल रोज बघते ते खिचडी रांधणारी आणि भांडी घासणारी बाईच, आणि २००९ मध्ये केंद्राने तिच्यासाठी ठरवलेले मानधन होते महिना १,००० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. फळ्यावर न लिहिता शिकवलेला हा धडा पुस्तकातल्या धड्यापेक्षा जोरकस आहे.

पुस्तकाने आपल्या परीने पाऊल टाकले. २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली. आईबाबा दोघे मिळून भाजी निवडताना दिसू लागले, डॉक्टर बाई झाली आणि स्वयंपाक करणारा पुरुष आला. २०२४ मध्ये केरळच्या पाठ्यपुस्तकात नारळ खोवणारे वडील आले आणि त्याची देशभर बातमी झाली. यावर दोन्हीकडून टीका झाली: एक म्हणतो, ही पाश्चात्त्य थेरे आहेत, दुसरा म्हणतो, चित्राने काय होणार. पहिल्याला उत्तर द्यायला परदेशात जायची गरज नाही. जनाबाईबरोबर जात्यावर बसून दळणारा, तिच्या गोवऱ्या वेचणारा विठ्ठल महाराष्ट्राने सातशे वर्षे डोक्यावर घेतला आहे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळेना तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवून दिली ही कथा आपण चौथीतल्या पोरांना सांगतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त पत्रावळ लावायला श्यामला भाग पाडणारी आई आहे, आणि ते पुस्तक १९३५ चे आहे. देवाने, संताने आणि श्यामने केलेले काम बंड्याने केले तर संस्कृती बुडते, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. दुसऱ्या टीकाकाराशी मात्र मी बराचसा सहमत आहे. चित्र पाहून मुलगा कोथिंबीर निवडायला बसत नाही. चित्र फक्त त्याला हसणाऱ्याचे तोंड थोडे बंद करते. काम शिकले जाते ते हातानेच.

हाताने शिकवून काय होते याचे एक उदाहरण जपानचे आहे, ज्या जपानकडून कर्व्यांनी स्फूर्ती घेतली तोच. तिथे माध्यमिक शाळांत मुलींना गृहशास्त्र आणि मुलग्यांना कारागिरी अशी वाटणी अनेक दशके होती. १९८५ मध्ये जपानने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्याच्याशी सुसंगत राहण्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागला आणि १९९३-९४ पासून कनिष्ठ व उच्च माध्यमिक शाळांत गृहशास्त्र मुलामुलींना सारखेच सक्तीचे झाले. त्यानंतर जपानी पुरुष रातोरात सुगरण झाले असे नव्हे. घरकामात ते आजही मागे आहेत. पण बदललेल्या अभ्यासक्रमातून गेलेल्या पिढीची आधीच्या पिढीशी तुलना करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना नवरा-बायकोच्या कामातले अंतर थोडे आक्रसलेले आढळले. थोडेच. शाळेच्या एका विषयाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि एवढ्यासाठीही तो विषय असावा.

तळवलीत हा विषय शिकवायचा तर सामान शोधत बसावे लागणार नाही. तांदळाची भाकरी घ्या. ज्वारीची भाकरी जमणाऱ्यालाही ती पटकन जमत नाही. तांदळाच्या पिठात चिकाटी नसते. थंड पाण्यात मळले तर गोळा फुटतो. म्हणून आधण उकळवून त्यात पीठ घालायचे, झाकण ठेवून वाफ द्यायची आणि उकड परातीत काढून हात भाजत असतानाच तळव्याच्या बुडाने मळायची. कडक पाण्याने पिठातला पिष्टांश फुगतो आणि गोळ्याला धरून ठेवतो. हे रसायन वहीत लिहून घेण्याआधी तळहाताला कळते. मग पिठीवर थापताना कडा फाटू द्यायच्या नाहीत, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी ती फुगते की नाही यावर सगळ्या कामाचा निकाल. यात प्रमाण आहे, तापमान आहे, वेळेचे भान आहे. मुलीला हे सात-आठ वर्षे रोज बघून येते आणि आपण म्हणतो, बाईच्या हातालाच चव असते. मुलग्याला तेवढा वेळ परातीजवळ बसवलेच नाही, तर त्याच्या हाताबद्दल कुणाला काय कळणार? आगीची भीती हा पालकांचा आक्षेप खरा आहे, पण तो अर्धाच लावला जातो. दहा वर्षांच्या मुलीला गॅसजवळ उभे करताना तो आठवत नाही. विस्तव नको तर निवडणे, धुणे, चिरणे, मळणे, पाने वाढणे, भांडी घासणे एवढ्यातही पहिली दोन वर्षे जातील. आणि भांडी घासण्यापासून सुरुवात केलेली अधिक बरी. पदार्थ करून वाहवा घेणे मुलगे लवकर शिकतात. नंतरचा ओटा पुसणे हा खरा धडा आहे, कारण भीमापासून शेफपर्यंतच्या सगळ्या इतिहासात पुरुषाने तेवढेच टाळले.

'दहावीचे वर्ष, स्पर्धा परीक्षा, यात हे कशाला' असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे, की दहावीच्या वर्षात तुमच्या मुलीला घरात काय काय करावे लागते. अकरा ते पाच शाळेत बसली तर घरकाम कधी करणार हा १८८० च्या दशकातला प्रश्न तिच्या बाबतीत आजही जिवंत आहे. फक्त आता ती दोन्ही करते. म्हणून तळवलीच्या, घणसोलीच्या, आणि कुठल्याही गावच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना एक सुचवणे आहे. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. येत्या आनंद मेळाव्यात घरून करून आणलेला पदार्थ चालणार नाही असा नियम करा. चिरणे-मळणे मुलामुलींनी शाळेतच, मिळून करावे. शिकवायला गावातल्या भाकरी थापणाऱ्या बायांना बोलवा आणि त्यांना पाहुण्या शिक्षकाचे मानधन द्या. विक्रीच्या हिशेबात पीठ, तेल आणि गॅसच्या खाली मजुरीचा रकाना ठेवा. आणि संध्याकाळी पटांगण झाडून भांडी घासून झाल्याशिवाय बक्षीस समारंभ सुरू करू नका.